जरा बसून तर बघा

"जरा बसून तर बघा," मास्तर म्हणाले.

नळ दुरुस्त करायला आलेला प्लंबर संकोचला. हात काळे, पँट गुडघ्यापर्यंत ओली. पण घरमालकाचा शब्द मोडायचा कसा, म्हणून तो सोफ्याच्या कडेला अर्धवट टेकला.

"जरा बसून तर बघा." या वेळी आवाज चढलेला.

"बसलो की साहेब."

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली आणि तेच पुन्हा म्हणाले. प्लंबर सरकून आणखी आत बसला. सोफ्यावर ओला डाग उमटला.

टॉवेलला हात पुसत मास्तरांची बायको आतून आली, भिंतीवरचं एक बटण तिने दाबलं आणि पंखा थांबला. मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

"पंखा बंद करून हवा होता त्यांना. तुम्ही उठा, नळ राहिलाय."

प्लंबरने पंख्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. "तुम्हाला कसं कळलं हो बाई?"

"तोच धंदा आहे माझा," ती म्हणाली.

धंदा म्हणजे नोकरी. खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीत ती मार्केटिंग मॅनेजर. फार वर्षांपूर्वी कंपनीची पहिली रेडिओ जाहिरात करायची होती, वाक्य तिचंच होतं, आणि ऐन वेळी आवाज देणाऱ्या माणसाचा घसा बसला. स्टुडिओचं भाडं चालू. तिला घरी न्यायला आलेला नवरा बाहेर बाकावर पेपर वाचत होता. शाळेत भूगोल शिकवायचा, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज. त्याला आत ढकललं. एका दमात झालं.

खुर्च्या खपल्या. मास्तरांचं मात्र हसं झालं. वर्गात पाऊल टाकलं की मागच्या बाकांवरून एका सुरात यायचं, "जरा बसून तर बघा." मास्तर चिडले नाहीत. तासाला नकाशा उलगडत म्हणायचे, "बसतो. तुम्ही उभे राहा."

मग काही महिन्यांपूर्वी एका सकाळी दाढी करताना ते कोसळले. उजवा हात गेला, महिन्याभरात अर्धामुर्धा परत आला. वाचा गेली ती गेली. सगळी गेली आणि हे एक वाक्य राहिलं. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. पुरात घर वाहून जातं आणि पत्र्याची एखादी पेटी झाडाला अडकून राहते, तसं.

*

ग्राहक: एक.

पूर्वीचा व्यवसाय: बोलणे.

मागणी ओळखण्याची पद्धत: 'जरा' जोरात आलं तर काहीतरी बंद करा. 'बघा' लांबलं तर भूक. 'तर' गिळलं तर बाथरूम, आणि तेव्हा पळा. सगळं वाक्य सपाट आलं तर पाहुण्यांना घालवा.

हळू आवाजात, तिच्याकडे न बघता म्हटलेलं एक वाक्य असतं. त्याचा अर्थ तिने कुणाला सांगितलेला नाही.

चुका: जवळजवळ नाहीत.

नणंदेचा अभिप्राय: "दादाच्या पापणीवरून ओळखतेस गं वहिनी. त्याला तोंड उघडायची गरजच नाही."

*

दर वर्षी कंपनीत नवी मुलं-मुली येत. त्यांच्यासमोर तिचं एक भाषण ठरलेलं असे.

"मॅडम, मार्केटिंगमध्ये टिकायला नक्की काय लागतं?" कुणीतरी विचारायचंच. "आकडेवारी? इंग्लिश? ओळखी?"

"आकडेवारी शिकता येते. इंग्लिश इतरांचंही वाईटच असतं. ग्राहकाने तोंड उघडायच्या आत त्याला काय हवंय ते कळलं पाहिजे. त्याला मागावं लागलं, तर तुम्ही उशिरा पोचलात."

मुलं लिहून घ्यायची. ती खरंच तशी होती. शोरूममध्ये माणूस कमरेवर हात ठेवतो की पाठीवर, यावरून ती त्याला कुठल्या खुर्चीकडे न्यायचं ते ठरवायची.

या वर्षी भाषण झालं आणि धाकट्या साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. मोठे साहेब गेल्यापासून कंपनी त्यांच्या हातात. समोर लोकांमध्ये पाहणी करून आलेला जाहिरात एजन्सीचा माणूस बसला होता. तो नको तितका घसा खाकरत होता.

"वाक्य सगळ्यांना आठवतं, मॅडम. ऐकलं की लोक हसतात. पण कुठल्या कंपनीचं, हे विचारलं की अडतात. निम्मे म्हणाले, गाद्यांची जाहिरात आहे."

"म्हणजे इतकी वर्षं आपण गाद्या विकतोय," धाकटे साहेब म्हणाले. कुणी हसलं नाही. ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. "बदलायला हवं, असं दिसतंय. पण तो आवाज... आम्हाला सगळं माहीत आहे घरचं. तुम्ही नाही म्हणालात तर विषय इथेच संपला. शुक्रवारी सांगा."

*

वाचा-उपचार करणारी बाई वयाने तिच्या मुलीसारखी होती. टेबलावर तिने चमचा, कंगवा, किल्ली आणि कप मांडला.

"काका, यातलं काय हवं?"

मास्तरांची नजर कंगव्यावर गेली न गेली तोच कंगवा त्यांच्या हातात होता. बायकोनेच दिला होता. दुसऱ्यांदाही तेच, तिसऱ्यांदाही.

"तुम्ही बाहेर बसता का जरा?"

ती बाहेर बसली. दाराआड बराच वेळ शांतता, मग टेबलावर हात आपटल्याचा आवाज, मग परत शांतता. मग एक घोगरा, फाटका स्वर आला. कुठल्याच शब्दाचा नव्हता, पण त्या वाक्यातलाही नव्हता. ती उभी राहिली. दाराला हात लावला नाही.

नंतर त्या बाईने तिला एकटीला आत घेतलं.

"घरी त्यांच्याजवळ कोण असतं?"

"दिवसा नणंद. बाकी मी."

"आणि तुम्हाला सगळं कळतं."

"हो."

"तेच नडतंय. राग मानू नका. त्यांचं दुकान एका मालावर झकास चाललंय. ते नवा माल कशाला आणतील?"

हे वाक्य तिला सुचायला हवं होतं.

"काय करू?"

"समजू नका. कळलं तरी कळू देऊ नका. चिडतील, रडतील. पण पहिल्या वर्षात जे परत येईल ते येईल, पुढचं सांगता येत नाही. आणि ती जाहिरात अजून लागते का कुठे? बंद करता आली तर बरं. प्रत्येक वेळी तेच कानावर पडून घट्ट होतंय."

*

सोमवारी मास्तर म्हणाले, "जरा बसून तर बघा." 'बघा' लांबलं. ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. "काय हवंय?"

मंगळवारी त्यांनी सुपाची वाटी ढकलून दिली. सूप फार गरम होतं, तिला दिसत होतं. ती म्हणाली, "काय झालं, सांगा." फरशी तिनेच पुसली.

बुधवारी नणंदेने दिवाणखान्यातच तिला गाठलं.

"हा काय छळ मांडलायस वहिनी? मघापासून पंख्याकडे बघतोय तो. कुडकुडतोय माणूस."

"दिसतंय मला."

"मग?"

"मागू देत."

"कशाने मागेल? जिभेने? ती असती तर मागितलं नसतं त्याने?" नणंदेचा आवाज फुटला. "ऑफिसात दगडाला पाझर फोडतेस म्हणे. घरी दगड झालीस."

"वन्सं, बटणाला हात लावायचा नाही."

मास्तर दोघींकडे आळीपाळीने बघत होते. मग त्यांनी ते वाक्य म्हटलं, हळू आवाजात, तिच्याकडे न बघता. ती स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला आणि नळाखाली नुसता हात धरून उभी राहिली. पंखा चालूच होता. शेवटी नणंदेने शाल आणून भावाच्या खांद्यावर टाकली आणि वहिनीशी न बोलता घरी गेली.

*

शुक्रवार.

"बदला," ती म्हणाली.

धाकट्या साहेबांनी पेपरवेट खाली ठेवला. "नीट विचार केलात ना? घाई नाही."

"लोक वाक्यापाशी थांबलेत. खुर्चीपर्यंत पोचत नाहीत. सगळीकडून काढा. रेडिओ, दुकानं, फोन लावल्यावर ऐकू येतं तेही."

"मग नवीन काय?"

"सध्या काहीच नाही. नुसती खुर्ची दाखवा. काही दिवस गप्प बसू."

एजन्सीच्या माणसाने हे लिहून घेतलं आणि त्याखाली रेघ मारली. धाकटे साहेब तिच्याबरोबर दारापर्यंत आले. "मूळ रेकॉर्डिंग तुम्ही घेऊन जा मॅडम. कंपनीला त्याचा आता काय उपयोग? त्यांचा धडधाकट आवाज दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही."

कुठेच नव्हता. लग्नाच्या काळात कुणी घरात आवाज धरून ठेवत नसे, आणि नंतर सवड झाली नाही.

"नको," ती म्हणाली. "घरी असलं तर मी लावेन."

*

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा नणंद चप्पल घालून तयारच होती. मान वळवून निघून गेली. मास्तर खिडकीपाशी उभे होते, डावा हात चौकटीवर.

"काय हवंय?" तिने सवयीने विचारलं. पर्स खांद्यावरच होती.

मास्तरांनी ओठ जुळवले. तिने वाट पाहिली, ते वाक्य येईल म्हणून. आलं नाही. मानेच्या शिरा ताठ झाल्या आणि आतून काहीतरी खरवडत वर आलं. "मो."

तिने पंख्याकडे पाहिलं, तो बंद होता. खिडकी उघडी होती. जेवायला अवकाश होता. ती त्यांच्या खांद्याकडे, पायांकडे, कपाळाकडे बघत राहिली. कमरेवर हात नव्हता. पापणी हलली नाही.

"मो," मास्तर म्हणाले. त्यांनाही ते पुरेसं वाटलं नाही, त्यांनी मान झटकली. आणि परत ओठ जुळवले.

खाली रस्त्यावर कुणीतरी सायकल लावत होतं. तिने पर्स काढून जमिनीवर ठेवली आणि रिकामे हात मागे घेतले. त्यांना काय हवंय ते तिला खरोखरच माहीत नव्हतं.