एह पॉचं “ऐकू येतंय”

सीमेलगतच्या मे सोत गावातल्या भाड्याच्या खोलीत यी मोन लॅपटॉप उघडून बसली होती. यांगूनला ती भौतिकशास्त्र शिकवायची. आता सीमेपलीकडच्या, तिच्याच देशातल्या दवाखान्यांसाठी सुरक्षित बोलण्याची सोय निवडायचं काम तिच्याकडे होतं. डोंगरातली नर्स एह पॉ डॉक्टरांना विचारून मुलांवर उपचार करणार होती. चौकीवर सैनिक फोन तपासत. त्यात इकडचा एखादा नंबर सापडला, तर एह पॉची रवानगी तुरुंगात.

म्हणून नंबर न मागणारी, कोड कुणालाही वाचून तपासता येईल अशी दोनच ॲप उरली. एकात चेहरा दिसे, दुसऱ्यात नुसता आवाज.

“चेहऱ्याचं घे,” तिच्या शेजारी उभ्या डॉक्टर सबे त्वे म्हणाल्या. “मूल न बघता औषध सांगायला मी काय ज्योतिषी आहे?”

“चाचणीत दोन्ही चालली. एह पॉ म्हणाली, स्पष्ट ऐकू येतंय.”

डॉक्टर हसल्या. “ती कधी नाही म्हणालीय? मी शिकवत होते तेव्हा तिच्या हातावर उकळता चहा सांडला. म्हणाली, गरम नव्हता, सयामा. शिकवणाऱ्या बाईंना ‘भाजलं’ कसं म्हणायचं!”

यी मोन हसली नाही. थोरांना त्रास द्यायचा नाही, हे तिलाही लहानपणापासून शिकवलेलं. सगळ्या चाचण्यांत तिने प्रश्न एकच विचारला होता: ऐकू येतंय ना?

तिने पुन्हा चेहऱ्याचा कॉल लावला आणि औषधाचं प्रमाण सांगितलं. डोंगरातल्या कमजोर नेटवर्कमुळे पडद्यावर एह पॉचं चित्र हसताना गोठलं होतं.

“ठीक आहे, सयामा.”

“ठीक नको. ऐकलंस ते परत सांग.”

मग तुटक आवाज आला, “गोळी... एवढंच. बाकी अंदाजाने...”

डॉक्टरांचं हसू मावळलं.

नुसत्या आवाजाच्या कॉलवर एह पॉने सगळं बिनचूक परत म्हटलं: पाव गोळी, दिवसातून दोनदा, आधी वजन.

“म्हणजे मूल मला दिसणार नाही,” डॉक्टर म्हणाल्या.

“तिला दिसेल. तुम्हाला तिला विचारावं लागेल.”

डॉक्टर खुर्ची ओढून लॅपटॉपवर वाकल्या. “एह पॉ, समज बाळ समोर आहे. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडतो का? कसं बघशील, सांग. आणि अडलं की अडलं म्हण. मी रागावणार नाही.”

“सयामा,” पलीकडून चाचरत उत्तर आलं, “तुम्ही फार मोठ्याने बोलता. कान दुखतो.”