अढीत पिकलेला नकाशा

हे कोणी खरं मानणार नाही. नाटे गावापासून दाभोळपर्यंत ज्याला ज्याला सांगितलं, त्याने माझ्यासमोर मान डोलावली आणि वळणापलीकडे जाऊन हसून घेतलं. पण परवा हुसेनची बायको झरीन आली, पडवीत बसली, हातातली पत्र्याची नळी मांडीवर आडवी घेतली आणि म्हणाली, "तात्या, घरावर माडी चढवायचीय. खालचा नकाशा तुम्हीच काढलात. वरचाही कॉम्प्युटरवर काढून द्याल?"

म्हटलं, जिच्या घराची गोष्ट तिला तरी ती पुरती ऐकवावी.

"बाय, तुझ्या घराचा नकाशा आंब्याच्या अढीत पिकलाय," मी म्हणालो.

आत आनंदीबाई, म्हणजे आमचं कुटुंब, तांदूळ पाखडत होती. तिचं सूप थांबलं.

सन दोन हजार एक, मे महिना. माझ्या उजव्या हाताला कंप सुटून तेव्हा चार वर्षं झाली होती. मी कप बशीत ठेवला की शेजाऱ्यांना कळायचं, तात्यांचा चहा झाला. ज्या हाताने अर्ध्या रत्नागिरीची घरं शाईने कागदावर उतरवली, त्याला वीतभर सरळ रेघ येईना. म्हणून पट्ट्या, टाक, सगळं माळ्यावर टाकलं आणि मुंबईहून संगणक आणला, नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरसकट. त्याला हात थरथरलेला चालायचा. इथे टिचकी, तिथे टिचकी, मधली रेघ तो ओढायचा. मी पुन्हा माणसात आलो.

मग खाऱ्या हवेने त्याचं काळीज गंजलं. एप्रिलात तो गेला. नवा घेतला. विकणारा म्हणाला, ह्याचा प्रोसेसर जुन्याच्या वीसपट पळतो. मी पेढे वाटले, यंत्राला हळदकुंकू लावलं, जुनं सॉफ्टवेअर आत घातलं आणि सुरू केलं. पडदा काळा. त्यावर इंग्रजीत एक ओळ, शून्याने भागाकार. बस्स.

बंद केलं, चालू केलं. तीच ओळ. हळदकुंकू पुसून बघितलं. तीच ओळ.

त्याच आठवड्यात हुसेन आला. बोटीवर नोकरी, शनिवारी निघायचं. नाट्याला भावाच्या घरात एका खोलीत त्याचा संसार, झरीनला सातवा महिना. चिरे येऊन पडलेले, गवंडी ठरलेला, पावसाआधी जोतं व्हायला हवं. अडलं होतं नकाशावर. नकाशावर मालकाची सही लागते, आणि हा मालक एकदा गेला की दहा महिन्यांनी परत यायचा.

मी बूथवरून मुंबईला फोन लावला. सॉफ्टवेअर देणारा पोरगा शहाणा होता. म्हणाला, "काका, ते सुरू होताना आधी मशीनचा वेग बघतं. त्याला आकडे मोजायला लावतं आणि किती वेळ लागला ते तपासतं. नवा प्रोसेसर इतका झटपट मोजतो की वेळ येतो शून्य. मग त्या शून्याने भागायला जातं आणि मरतं."

"मग त्याला जरा सावकाश मोजायला सांग ना."

"तसं सांगता येत नाही, काका."

"नवं सॉफ्टवेअर पाठव."

"बनवणारी कंपनीच बंद झाली."

आमच्याकडे काम सावकाशीने अडलेलं मी जन्मभर बघितलं. वेगाने अडलेलं तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

हुसेन रोज सकाळी यायचा, घरून सांदणांचा डबा घेऊन. समोरच्या स्टुलावर बसायचा. मी कळ दाबायचो, ती ओळ यायची, आम्ही दोघे ती वाचायचो. डबा तसाच राहायचा. उठताना म्हणायचा, "झालं तर झालं, तात्या. बोट काय आपल्यासाठी थांबत नाय." असं म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे बघवत नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

बुधवार गेला. गुरुवारी मी त्याला म्हटलं, उद्या येऊ नको.

"आणि गुरुवारी दुपारी, बाय," मी झरीनला म्हणालो, "मी पाण्याला म्हणून उठलो, तर मधल्या घरात हिची अढी. पाच पेट्या हापूस गवतात पिकायला घातलेला. हात घातला तर आत भट्टी. म्हटलं, मे महिन्याच्या दुपारी आपल्या आळीतलं कुत्रं तरी पळतं का? हा तरी कसा पळेल? उचलला संगणकाचा डबा, आंब्यांच्या मधोमध ठेवला, वर गवत, वर गोणपाट. वायरी तेवढ्या बाहेर काढल्या."

"अढी मी लावली होती," आतून आनंदीबाई म्हणाली. "मला कुठे डबा दिसला नाही."

"तू माहेरी गेली होतीस."

"माझं माहेर पलीकडच्या गल्लीत आहे."

मी तिकडे लक्ष दिलं नाही. "दोन तासांत तो धापा टाकायला लागला, बाय. वेग उतरत उतरत जुन्यापेक्षाही खाली आला. सॉफ्टवेअर सुरू केलं, आणि उघडलं. पडद्यावरचा बाण खेकड्यासारखा चालायचा, पण चालायचा. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत जोतं, पडवी, दोन खोल्या, सगळं कागदावर. शनिवारी सकाळी एस.टी. स्टँडवर हुसेनने बॅगेवर कागद ठेवून सही केली. कागदाला असा घमघमाट की ग्रामपंचायतीत आधी त्याचा वास घेतला, मग शिक्का मारला. आणि आंबे? दोन दिवसांत पिवळेधमक."

झरीन हसली नाही. तिने नळीचं टोपण काढलं, नकाशा ओढून जमिनीवर पसरला, कोपऱ्यांवर अडकित्ता आणि तांब्या ठेवला. कागद नाकाशी नेला नाही, मी तेवढ्यासाठी उत्तर तयार ठेवलं होतं. तिने नुसतं बोट जोत्याच्या रेघेवर ठेवलं आणि हळूहळू पुढे नेलं. बोट वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं. पडवीच्या कोपऱ्यात शाईचा थेंब पडून खरवडलेला होता, तिथे ती थांबली.

बशीतला माझा कप वाजत होता. मी तो खाली ठेवला.

"तात्या," ती म्हणाली, "कॉम्प्युटरचा हात कधीपासून थरथरायला लागला?"