पेटी उघडून पाहिलीय कुणी?

मामांचा आवाज असा, की त्यांनी "बाहेर अंधार पडलाय" म्हटलं तर भर दुपारी माणूस दिव्याचं बटण शोधू लागेल. उभा जन्म त्यांनी रेडिओवर बातम्या वाचल्या होत्या. गल्लीतले लोक त्यांना 'बातम्या' म्हणत, तेही तोंडावर, आणि मामांना त्याचा अभिमानच होता. निवृत्त झाल्यावर मात्र आवाजाला काम उरलं नाही. घरात ऐकायला एकट्या मामी, आणि त्यांच्यावर त्या आवाजाचा काडीइतका परिणाम होत नसे. "अहो, बातम्या संपल्या असतील तर भाजी चिरा," एवढंच त्या म्हणत.

म्हणून भाचीचा फोन आला तेव्हा मामांची कळी खुलली. ही त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी, विद्यापीठात मानसशास्त्राची संशोधक. रोजच्या जगण्यात माणसं कुणावर विश्वास ठेवतात आणि का, हा तिचा विषय.

"मामा, मला तुझा आवाज हवाय. थोडे दिवस उसना."

"घे की. इथे नुसता गंजतोय."

काम साधंच वाटत होतं. मामांनी दोन आवाजांत बोलून ध्वनिमुद्रण करायचं होतं. एक त्यांचा नेहमीचा, बातम्यांचा. दुसरा थोडा पातळ, चाचरत, घसा खाकरत, वाक्य मध्येच सोडून देणारा. पहिला आवाज एका झटक्यात झाला. दुसऱ्यासाठी मामांना दोनदा घरी जाऊन सराव करावा लागला. "जन्मभर जे होऊ नये म्हणून धडपडलो," ते मामींना म्हणाले, "तेच आता मुद्दाम करायचंय."

"कठीण आहे खरं," मामी म्हणाल्या. "तुम्हाला 'बहुतेक' हा शब्दसुद्धा उच्चारता येत नाही."

प्रयोगाची खोली लहान होती. भिंतींना जाड कापड लावलेलं, मधे टेबल, त्यावर एक लाकडी पेटी. पेटीला कुलूप नव्हतं, साधी कडी होती. प्रयोगाला आलेला माणूस टेबलाशी बसायचा आणि भाची त्याच्या समोर. मग ध्वनिवर्धकातून दोन्ही आवाज ऐकू यायचे. एक म्हणायचा, पेटीत लोकरीचा गुंडा आहे. दुसरा म्हणायचा, पेटीत शिंपले आहेत. कुणाचं खरं वाटतं आणि का, एवढंच त्या माणसानं सांगायचं. शेजारच्या खोलीतून काचेआडून कुणीतरी बघणार आहे, हे सगळ्यांना आधीच सांगितलेलं असे. ते कुणीतरी म्हणजे मामा. भाचीनं त्यांना हौसेनं बोलावलं होतं.

पहिल्या आल्या त्या औषधाच्या दुकानाच्या मालकीणबाई. भारदस्त आवाजात त्यांनी लोकर ऐकली. क्षणभर विचार करून म्हणाल्या, "लोकरच. शिंपले असते तर ते फुटू नयेत म्हणून कुणी मोठी पेटी घेतली असती. सरळ आहे."

काचेआड मामांनी मान डोलावली. पटण्यासारखंच होतं.

त्यांच्यामागून एक वकील आले. आता भाचीनं अदलाबदल केली होती. भारदस्त आवाज शिंपले म्हणाला, चाचरणारा लोकर. वकीलसाहेब खुर्चीत मागे रेलले. "शिंपले. लोकर कुणी पेटीत ठेवतं का हो? लोकर पिशवीत असते. पेटीत जपून ठेवायची वस्तू असते. सरळ आहे."

मामांची मान डोलता डोलता थांबली. हेही पटण्यासारखंच होतं!

दुपारपर्यंत असंच चाललं. शिक्षिका, शिंपी, बँकेतला माणूस, नुकतं लग्न झालेलं जोडपं. बहुतेक सगळे भारदस्त आवाजाच्या बाजूनं गेले, आणि प्रत्येकाजवळ आपलं असं एक कारण होतं. पेटीच्या आकाराचं, लाकडाच्या रंगाचं, आपल्या आत्याच्या विणकामाचं. 'आवाज दमदार होता म्हणून' असं एकही जण म्हणाला नाही.

मधल्या सुट्टीत भाची चहा घेऊन आत आली, तेव्हा मामा काचेकडे बघत तसेच बसले होते.

"अगं, हे लोक विश्वास आधी ठेवतात आणि कारण मागाहून शिवतात! आणि शिवणही इतकं बेमालूम, की मला दोन्हीकडून पटलं."

"खोटं बोलत नाहीत हं ते," भाची म्हणाली. "त्यांना खरंच वाटतं की आधी कारण आलं. मलाही तसंच वाटलं असतं. तुलाही."

मामांनी कप तसाच हातात धरला. "आणि पेटीला हात लावायला मनाई आहे का?"

"नाही."

"मग लावत का नाहीत?"

"मला नाही सांगता येत, मामा. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतो आपण. पण बघ ना, कांकण हातात असून सगळे आरशालाच विचारतायत."

मामांना एकदम उमगलं. त्यांच्याच आवाजानं लोकांचे हात टेबलावर खिळवून ठेवले होते, आणि लोकांना त्याचा पत्ताही नव्हता.

दुपारी पोहण्याचे सर आले. उंच, खांद्यांनी रुंद, तरण तलावावर मोठ्या माणसांना पोहायला शिकवणारे. खुर्चीत बसताना त्यांनी नाव सांगितलं, तेव्हा पहिल्याच अक्षराशी जीभ अडली. भाची थांबली. त्यांनी सावकाश नाव पुरं केलं.

दोन्ही आवाज वाजले. भारदस्त आवाज म्हणाला लोकर, चाचरणारा म्हणाला शिंपले. सर डोळे मिटून ऐकत होते.

"पुन्हा ल-लावता?"

भाचीनं पुन्हा लावलं.

"एकच माणूस आहे हा," सर म्हणाले. "दुसऱ्यांदा तो अ-अडखळण्याचं सोंग करतोय. खरा अडखळणारा माणूस असा वाक्य सोडून देत नाही. तो ते प-पुरं करायला झटतो."

काचेआड मामांना घाम फुटला.

"बरं," भाची शांतपणे म्हणाली, "पण पेटीत काय आहे असं तुम्हाला वाटतं?"

"ते कसं सांगू? त्यानं पाहिलंय का आत?"

भाचीनं वहीत काहीतरी टिपून घेतलं.

"माझ्याकडे येणारे सगळे सांगतात, मला थोडं पोहता येतं," सर म्हणाले. "कुणी छातीठोक, कुणी लाजत. मी दोघांनाही हो म्हणतो आणि उ-उथळ बाजूला उतरवतो. पेटी उचलू का मी?"

"उचला."

त्यांनी ती दोन्ही हातांत घेतली, तिरकी केली, कान लावला. "काहीतरी सरकतंय. मऊ वाटतंय. पण शिंपले कापडात बांधले तरी असंच वाटेल." त्यांनी पेटी खाली ठेवली. "अजून नाही सांगता येत."

'अजून नाही सांगता येत' हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं, जणू घड्याळ बघून वेळच सांगितली. सकाळपासून इतकी माणसं त्या खुर्चीत बसून गेली होती, पण हे वाक्य मामांनी पहिल्यांदाच ऐकलं.

प्रयोग संपला की आलेल्या माणसाला सगळं उलगडून सांगायचं, अशी पद्धत होती. भाचीनं मामांना आत बोलावलं. सरांनी त्यांच्याकडे बघितलं आणि मामा "नमस्कार" म्हणताच ते खळखळून हसले.

"तुम्ही होय! लहानपणी रोज तुमच्या बातम्या ऐकायचो. तुमच्यासारखं बोलता यावं म्हणून उशीत तोंड खुपसून स-सराव करायचो."

मामांनी पुढे होऊन त्यांचा हात हातात घेतला. मग सरांनीच विचारलं, "मग आत काय आहे हो?"

मामांनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांना ठाऊक नव्हतं. लोकर म्हणून छातीठोकपणे सांगताना आत खरंच काय आहे, हे विचारायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. कागदावर होतं, ते वाचलं. त्यांनी भाचीकडे बघितलं.

"मला नको विचारूस," ती म्हणाली. "मलाही माहीत नाही."

"तुला? तुझाच प्रयोग ना?"

"माझाच आहे म्हणून. मला माहीत असतं तर माझ्या चेहऱ्यावर आलं असतं, आवाजात आलं असतं, आणि समोरच्यानं ते नकळत वाचलं असतं. म्हणून आमच्या विभागाच्या ग्रंथपालबाई सकाळी नाणं उडवतात, त्याप्रमाणे पेटी भरतात आणि निघून जातात. मी विचारत नाही."

मामा खुर्चीत बसले. सत्य शोधायला निघालेलं माणूस आधी स्वतःच्याच डोळ्यांवर पट्टी बांधून घेतं, हे त्यांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं. लहानपणी याच पोरीला ते कडेवर घेऊन फिरवत. आज तिच्याकडे बघताना त्यांना उंच कड्याखाली उभं राहून वर बघितल्यासारखं झालं.

"उघडायची?" सरांनी विचारलं.

तिघं टेबलावर वाकले. भाचीनं कडी काढली. आत निळ्या लोकरीचा गुंडा होता.

"म्हणजे माझं बरोबर होतं!" मामा ओरडले, आणि स्वतःच्याच ओरडण्यानं ओशाळले.

"बरोबर होतं," भाची म्हणाली. "पण ते बरोबर आहे हे तुला माहीत नव्हतं. ही दोन वेगवेगळी गावं आहेत, मामा."

सर लोकर बोटांत फिरवत होते. आपण शंका घेतली आणि नेमका तोच आवाज खरा निघाला, याचं त्यांना जराही वाईट वाटत नव्हतं. उलट, दिसलं एकदाचं, याचाच आनंद होता. जाताना ते मामांना म्हणाले, "तलावावर या क-कधीतरी."

"पोहता येतं मला," मामा म्हणाले. मग थांबले. "म्हणजे, बहुतेक."

पुढच्या आठवड्यात भाचीनं प्रयोगाचा दुसरा भाग तयार केला. सरांच्या 'त्यानं पाहिलंय का आत?' या प्रश्नावरूनच तिला तो सुचला होता. मामांनी पुन्हा ध्वनिमुद्रण केलं, त्याच भारदस्त आवाजात. फक्त शेवटी एक वाक्य जोडलं: "मी स्वतः पाहिलेलं नाही, मला तसं सांगण्यात आलं आहे." एवढं साधं वाक्य, पण उच्चारताना मामा पहिल्यांदाच खरेखुरे अडखळले. पुन्हा घ्यायचं का, भाचीनं विचारलं. ते नको म्हणाले.

मग ते काचेआड जाऊन बसले. एक सुतार आला. आवाज वाजला, शेवटचं वाक्य आलं. सुतारानं भुवई उंचावली, पेटीकडे पाहिलं आणि विचारलं, "उघडून बघू का?" त्याच्यामागून एक परिचारिका आली. तिनं विचारलंदेखील नाही, तिचा हात सरळ कडीवर गेला. मग एक आजोबा आले. ते बराच वेळ नुसते बसून राहिले, आवाजाचंच खरं मानणार असं वाटलं, आणि मग त्यांचीही बोटं टेबलावरून पुढे सरकू लागली.

सगळेच तसे वागले नाहीत. काही जण अजूनही आवाजावरच गेले. पण जे हात पुढे होत होते, ते बघताना मामा जागचे हलले नाहीत. भाचीनं आणून ठेवलेल्या चहावर साय धरली. काचेपलीकडे आजोबांनी कडी काढली, झाकण उचललं, आणि आत वाकून ते लहान मुलासारखे बघत राहिले.