उघाडीजवळची ताजी माती

फौजदारसाहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. 'भरतीत वाहून गेला' एवढं लिहून वर टीपकागद दाबलात आणि चहा मागवलात. भामा तुमच्या दारात उभी होती. तिच्या पायांना बांधावरची माती होती, नखांत तीच माती होती. तुम्ही बघितलंसुद्धा नाहीत.

तर आता पहिल्यापासून ऐका.

पनवेलच्या खाडीला लागून भामाच्या गावाची भातखाचरं आहेत. खारं पाणी आत शिरू नये म्हणून मातीचा बांध आहे, आणि बांधात उघाडी, म्हणजे पावसाचं पाणी सोडायची लाकडी दारं. पिठोरी अवसेला भर दुपारी मोठं उधाण येतं. त्याआधी गाव उघाडीवर बकरा द्यायचं, आणि मान मारायची ती भामाच्या सासरच्यांनी. तिच्या सासऱ्यानं मारली, त्याच्या बापानं मारली. मुंडकं बांधात पुरायचं. मटण गावानं खायचं, पाप महारवाड्यानं उचलायचं.

मग नागपूरची दीक्षा झाली. महारवाड्याचा बुद्धवाडा झाला, देव्हाऱ्यातले टाक खाडीत गेले. बाकीच्यांनी पंचशील पाठ केलं. भामाचा नवरा जगन मात्र ते अंगाला लावून बसला. वंदना घ्यायला येणारे गुरुजी एकदा बोलून गेले होते, "हात उचलायच्या आधी हाताकडं बघा." तेवढंच त्यानं धरलं. गवताला कोयता लावायच्या आधी ते हलवून बेडूक घालवायचा. राग आला की भांडण अर्ध्यात टाकून नाकातल्या वाऱ्याकडं ध्यान देत बसायचा. खाडीतल्या चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरणंही त्यानं सोडलं.

"अवो, चिंबोऱ्या आता आपल्या पायानं टोपात चढनार हाईत का?" भामा म्हणायची.

"चढल्या तर तू खा."

"नि तुमी काय खाल? वारा?"

"त्योच बघतोय ना सकाळपास्नं!" आणि जगन खो खो हसायचा.

भामाही हसायची. पण श्रावण जवळ येत होता, आणि तो तिला दिसत होता.

पिठोरीच्या आदल्या दिवशी गावचा पंच दाजी आला आणि अंगणाबाहेर थांबला. आत आला असता तर विटाळ होता. ह्यांनी कापलेल्या मटणाला तो कधी झाला नाही.

"जगन्या, उद्या अवस हाय. कोयत्याला धार लावलीस ना?"

"मी मारनार नाय, दाजी."

"बरं, नको मारू. नुसता कोयत्याला हात लाव. मारंल दुसरा कुनी."

लावा की हात, भामाला वाटलं, एवढ्यानं काय झिजणार आहे? जगन आपल्या उजव्या पंजाकडे बघत राहिला. इतका वेळ, की दाजीचीच चुळबूळ सुरू झाली.

"दुसरा मारनार असंल, तर माजा हात कशाला पायजे?"

रक्त सांडायला गावात हात पुष्कळ होते. ते आपल्या माथ्यावर घेईल असं घर एकच होतं.

निघताना तो हळू, जवळजवळ मायेनं म्हणाला, "बांध उपाशी ऱ्हात नाय, पोरा. ज्या साली बकरा नव्हता, त्या साली काय दिलं, ते तुज्या बापाला इचारायला पायजे व्हतं."

अवसेला सकाळी बकरा ओरडायला लागला. मारायला कुणी पुढं आलं नव्हतं. त्याला उघाडीच्या खांबाला बांधला होता, पाणीच घेऊन जाईल म्हणून. बांधावर पाचसहा जण बिड्या ओढत बसले होते. प्रत्येकाजवळ फावडं होतं.

जगन उठला. भामानं त्याचा सदरा धरला. "तुमी मारला नाय ना? मंग तुमाला काय त्याचं?"

"ऐकत बसलो तर मीच मारला, भामे."

"ती मानसं बकऱ्यासाठी बसली नायत वो!"

"ठावं हाय."

तिनं आढ्याला अडकवलेला कोयता काढून पुढं केला. त्यानं तो परत जागेवर अडकवला. "ह्यो हातात असला तर माजं ध्यान ऱ्हायचं नाय."

तो रिकाम्या हातानं गेला.

दुपारी पाणी बांधाच्या माथ्याला टेकलं आणि उतरलं. बांध फुटला नाही. बकरा एकटाच दारात आला. पोटापर्यंत चिखल, गळ्यात अख्खा दोर. खांबाकडची गाठ हातानं सोडलेली होती, तुटलेली नव्हती.

भामा धावली. उघाडीजवळ ताजी माती होती, फावड्यानं थापलेली, माणसाएवढी लांब. तिनं दोन्ही हातांनी उकरायला घेतलं तशी माणसांनी तिला उचलून बाजूला ठेवली.

"बांध खचत व्हता, माती घातली," दाजी म्हणाला. "जगनला पान्यानं न्हेला. ग्वाड मानूस व्हता." सगळ्यांचे चेहरे पोटभर जेवून उठल्यासारखे निवांत होते.

ती घरी आली, कोयता काढला. समोरच्या वाटेनं दाजी घरी चालला होता. पाठमोरा, एकटा, मान उघडी. भामा दोन पावलं गेली. हात वर जायला लागला आणि तिनं त्या हाताकडे बघितलं. नाकातून वारा आत जात होता, बाहेर येत होता. दाजी वळणापल्याड गेला. राग तसाच होता, तसूभर कमी नाही. पण कोयता खाली आला.

मग ती अनवाणी, बकऱ्याला घेऊन पनवेलच्या ठाण्यात तुमच्यापुढे आली. दोर तुमच्या टेबलावर ठेवला. म्हणाली, माती उकरा. तुम्ही काय म्हणालात? "बांध खणता येत नाही, बाई, शेतं बुडतील. आणि तुम्ही धर्म बदललात, आता गावाशी जरा जुळवून घ्या."

ती अजून येते. आवारातल्या झाडाखाली बकरा बांधते आणि बसते. शिपायानं उठवलं की उठते, पुन्हा बसते. शिवी देत नाही, रडत नाही. नुसती तुमच्या दाराकडे बघत असते, आणि तुम्ही मागच्या दारानं घरी जाता.

पिठोरी पुन्हा येणार आहे. बकरा भामाकडे आहे, आणि गावाची नजर आता भामावर आहे. तेव्हा फावडं घेऊन चला, नाहीतर खुर्चीतूनच सांगा, पण सांगा: उघाडीजवळच्या त्या मातीखाली कोण आहे?