पाचाडच्या खाणावळीचा पत्ता

मित्रांनो, मी एक जुना वेबपत्ता आहे. रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला सोनाबाईंची खाणावळ आहे ना, तिचा! पुण्या-मुंबईची माणसे संगणकावर मला टाइप करीत. मग त्यांना सोनाबाईंची चूल दिसे, तांदळाच्या भाकरीचा फोटो दिसे आणि खाली फोन नंबर. एवढ्यावर मी स्वतःला गडाचा महादरवाजा समजत असे.

माझा जन्म २००५ साली महाडच्या एका सायबर कॅफेत झाला. सोनाबाईंचा मुलगा विपुल औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कामाला होता. शिफ्ट सुटली की तो येई आणि वडापावच्या तेलकट बोटांनी मला घडवी. माझ्यामुळे पहिले गिऱ्हाईक आले, तेव्हा सोनाबाई साऱ्या आळीला सांगत सुटल्या, "कॉम्प्युटरवरनं मानसं जेवायला येतात गो!" मला फार बरे वाटले.

पुढच्या वर्षी पावसाळ्याआधी त्यांचे यजमान काशीराम कौले चाळायला चढले आणि पडले. पाय मोडला. मुलगी राजश्री पोलादपूरला आंबेनळीच्या रस्त्यावर खाणावळ चालवते. ती म्हणाली, "पावसाळाभर माझ्याकडं ऱ्हावा." घर सोडताना आपल्याकडे कुणी 'जाते' म्हणत नाही. सोनाबाईंनी विझलेल्या चुलीला हात लावला आणि म्हणाल्या, "येते गो."

तोवर माझ्याकडे येणाऱ्यांना राजश्रीच्या खाणावळीच्या वेबपत्त्यावर धाडायचे ठरले. याचे दोन प्रकार असतात. तात्पुरते धाडले, तर शोधयंत्रांना कळते की मालक परत येणार आहे, हा पत्ता विसरायचा नाही. कायमचे धाडले, तर कळते की इथले बिऱ्हाड हलले, यापुढे नवाच पत्ता ध्यानात ठेवायचा.

विपुल पडद्यासमोर बसला. कारखान्यात तो कित्येक वर्षे टेम्पररी होता. आमच्याकडे सोयरीक जुळवतानाही पहिला प्रश्न असतो, "पोरगा पर्मनंट हाय का?" विपुलचे एक स्थळ त्यावरच मोडले होते. "आयेच्या धंद्याला तरी टेम्पररी नको," असे पुटपुटत त्याने 'पर्मनंट' निवडले. मी ओरडणार तरी कोणत्या तोंडाने?

दिवाळीनंतर सोनाबाई पाचाडला परतल्या. विपुलने मला पुन्हा उघडले, पण तोवर शोधयंत्रांनी माझे नाव पुसून राजश्रीचा पत्ता लिहिला होता. पुण्याच्या विनोदिनीबाई दर हिवाळ्यात शाळेची सहल आणीत. त्यांच्यासाठी सोनाबाईंनी वाल भिजत घातले. वालांना मोड आले, सोलूनही झाले. फोन मात्र आला नाही.

तो आला पोलादपूरला. "नेटवर आता तुमचाच पत्ता दिसतो. सोनाबाईंनी पाचाड कायमचं सोडलं ना? म्हणून आम्ही यंदा जेवण दुसरीकडे सांगितलं," विनोदिनीबाई म्हणाल्या. राजश्री चपापली. "नाय बाई, आये घरीच हाय!" म्हणत तिने पाचाडची एसटी पकडली.

"काय निवडलं होतंस रे?" घरी येताच तिने भावाला विचारले.

"पर्मनंट. टेम्पररी कोन घेल, ताय?"

सोनाबाई सोललेल्या वालांची परात घेऊन बसल्या होत्या. ऐकता ऐकता त्यांना सारे उमगले. "पन मी तर येते म्हनून निघाले होते रे," त्या म्हणाल्या. विपुलने मान खाली घातली. डोळे असते, तर मला रडूच आले असते.

राजश्रीने आपल्या पानावर सर्वांत वर लिहून घेतले, "सोनाबाई पाचाडला परत आल्या आहेत. गडावर जाणाऱ्यांनी तिकडेच जेवावे." सांगितलेले जेवण विनोदिनीबाईंना मोडता आले नाही, पण गड उतरल्यावर त्या मुलांना घेऊन सोनाबाईंकडे आल्या. वालाच्या उसळीची परात बघता बघता रिकामी झाली. शोधयंत्रांना मात्र मी पुन्हा आठवायला बरेच महिने लागले.

पुढच्या पावसाळ्यात राजश्रीच्या बाळंतपणाला सोनाबाई पुन्हा पोलादपूरला निघाल्या. विपुल अजून टेम्पररीच होता. या वेळी त्याने आधी आईला फोन लावला.

"आये, जातेस का येतेस?"

"येते रे, खुळ्या!"

त्याने तात्पुरते निवडले. मी येणाऱ्या प्रत्येकाला आनंदाने पोलादपूरला धाडले आणि कुणीही मला विसरले नाही.

म्हणून मित्रांनो, कुणाचा पत्ता बदलायला बसलात, तर घरच्या माणसाला एवढे विचारून घ्या. आम्हा पत्त्यांना स्वतःहून 'येतो' म्हणता येत नाही.