टेकडीवरची पोरं

"यावर कोणाचाही विश्वास बसायचा नाही, तेव्हा तुम्हीही ठेवू नका," म्हातारा म्हणाला आणि त्याने गिअर खाली टाकला. मिनीबस कुरकुरत चढाला लागली. "पण ह्याच गाडीत, तुमच्या मागच्या सीटवर बसून, एका पोराने उकडलेल्या अंड्याची माफी मागितली. डोळ्यांत पाणी आणून. कोंबडीला निरोप द्यायला सांगितला मला."

"आणि मग?" ड्रायव्हरशेजारच्या सीटवरच्या बाईंनी विचारलं.

"मग काय, खाल्लं. मीठ लावून."

बाई हसल्या, तोंडावर हात धरून. मुलाला पहिल्यांदाच कॉलेजात सोडायला निघाल्या होत्या. मुलगा मागे खिडकीशी बसला होता, आणि बाईंच्या पायाशी त्याची सुटकेस होती. तिचं कुलूप तुटलेलं, म्हणून ती दोरीने बांधलेली. स्टेशनवर कॉलेजची चारसहा पोरं गाडीत चढली तेव्हापासून बाईंनी आपली शाल त्या दोरीवर सोडून ठेवली होती.

टेकडीवरचं कॉलेज एवढंसं. सगळी पोरं एका थिएटरात मावतील आणि वर मास्तरांना खुर्च्या उरतील. तिथे कोणी एक विषय धरून बसत नाही. सकाळी तत्त्वज्ञान, दुपारी भूमिती, संध्याकाळी मातीची मडकी. खालच्या गावाने त्या पोरांबद्दलचं मत कधीच पक्कं करून टाकलं होतं. श्रीमंतांची लाडावलेली, अनवाणी हिंडणारी, ऊठसूट रडणारी, चहा करायचा तर आधी पाणी खरंच आहे का यावर वाद घालणारी. ह्या मतातला निम्मा माल म्हाताऱ्याच्या कारखान्यातला होता. चढ लांब, रोजचा. गोष्टीवाचून इंजिनसुद्धा तापतं, असं तो म्हणे.

तशी एक खरी गोष्टही त्याच्यापाशी होती. मागे एकदा गाडी चिखलात रुतली, तेव्हा ह्याच पोरांनी ती बेसूर गाणी म्हणत वरपर्यंत ढकलली होती, आणि एकीने त्याच्या भिजलेल्या पाठीवर स्वतःचा कोट टाकला होता. ती त्याने कोणाला सांगितली नाही. तिच्यात हसण्यासारखं काही नव्हतं, आणि नुसत्या खऱ्याला गिऱ्हाईक कुठून मिळायचं?

पाण्याच्या टाकीपाशी दोन मुली चढल्या. एकीच्या पाठीवर घराएवढी सॅक होती. तिला सगळे गोगलगाय म्हणत.

"सावकाश हाका हं आजोबा," ती म्हणाली. ह्या वर्षीपासून पोरांनी त्याला काका म्हणायचं सोडून आजोबा म्हणायला सुरुवात केली होती. आपले केस पिकले, एवढाच त्याने त्याचा अर्थ लावला होता.



"पास, मॅडम," म्हातारा दुसरीला म्हणाला.

तिने पास पुढे धरला. त्याने तो नीट पाहिला, फोटो आणि चेहरा ताडून पाहिल्यासारखा, आणि मान हलवली. मॅडम त्याच्या मुलीची मुलगी होती. घरी तिला भिंगरी म्हणत.

तिला तिथे प्रवेश मिळाला तेव्हा म्हातारा गल्लीत मिठाई वाटत फिरला होता. मात्र हॉस्टेलला जायच्या आदल्या दिवशी तिचे बूट पुसता पुसता तो म्हणाला होता, "एक ठरवू या. गाडीत तू मला ओळखत नाहीस, मी तुला ओळखत नाही."

"का?"

"ड्रायव्हरची नात म्हणून कोणी बघायला नको तुझ्याकडे. ती पोरं कशी असतात ते मला विचार."

भिंगरीने त्याच्याकडे पाहिलं, दुसरा बूट त्याच्या हातातून काढून घेतला आणि स्वतः पुसायला लागली. म्हाताऱ्याने त्याचा अर्थ होकार असा घेतला.

सुरुवातीला ती रविवारी घरी यायची. मग येईनाशी झाली. "पोर का येत नाही हो?" असं बायकोने विचारलं की तो म्हणायचा, "अभ्यास असतो तिथे, तुला काय कळणार." मनात मात्र म्हणायचा, लागलं हिलाही तिथलं पाणी. आणि पुन्हा गाडीत तिला मॅडम म्हणायचा, जरा जास्तच अदबीने.

दोघी मागे जाऊन बसल्या. गाडी सुटली.

"मला एक सांगा," बाईंनी आवाज खाली आणून विचारलं. "इथे आलेली मुलं घरच्यांना विसरतात, असं म्हणतात. खरं का हो ते?"

गवयाला सूर द्यावा तसा तो प्रश्न होता. म्हाताऱ्याने घसा साफ केला. ही त्याची सगळ्यांत लाडकी गोष्ट. पेट्रोल पंपाच्या रांगेत कंटाळून एका दुपारी त्याने ती रचली होती, आणि सांगून सांगून तिला इतकी चकाकी आली होती की अलीकडे शेवट जवळ आला की त्याचाच गळा दाटून यायचा.

"बाप आला होता एकाचा," तो म्हणाला. "पोराची ट्रंक डोक्यावर घेऊन. गेटपाशी पोराचे दोस्त उभे. एकाने विचारलं, हे कोण रे? पोरगा म्हणाला, कोणी नाही, स्टेशनवरचा हमाल आहे. बापाने ऐकलं. ट्रंक खाली ठेवली, घाम पुसला आणि म्हणतो कसा, आणखी काही उचलायचंय का साहेब?"

म्हातारा थांबला. इथे लोक हळहळत. कोणी चुकचुके, कोणी "काय ही औलाद" म्हणे.  बाई मात्र वाकल्या आणि सुटकेसवरून घसरलेली शाल त्यांनी पुन्हा दोरीवर ओढली. मग आपले पाय सीटखाली घेतले, चपलांसकट.



"गेटच्या अलीकडे थांबवाल का गाडी?" बाईंनी विचारलं.

"अलीकडे कशाला?"

"तो उतरेल. मी बसूनच राहते. ह्याच गाडीने परत जाईन."

"आई, काहीतरीच काय," मुलगा मागून म्हणाला. "खोली नाही बघायची तुला? रात्रभर पडद्याचं माप विचारत होतीस."

"गुडघे दुखतायत रे. तू बघ आणि फोनवर सांग मला."

मुलाने आईच्या पाठीकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. त्याचे कान लाल झाले होते. म्हाताऱ्याला आरशात ते दिसलं.

"अहो ताई," तो घाईने म्हणाला, "गोष्ट आहे ती. ऐकायची आणि सोडून द्यायची."

"तुम्ही रोज ने-आण करता त्यांची. तुम्हाला ठाऊक नाही तर कोणाला?" बाई शांतपणे म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "आग असल्याशिवाय धूर येतो का? आणि मला त्याचं काही वाईट नाही वाटत. पोराला खाली बघायला लागू नये, एवढंच."

हेच, वेगळ्या शब्दांत, म्हाताऱ्याने बूट पुसताना म्हटलं होतं. तेव्हा ते त्याला मोठं शहाणपणाचं वाटलं होतं. आता शेजारच्या सीटवरून ते ऐकताना तो पुढच्या काचेवर नसलेली धूळ फडक्याने पुसायला लागला.

"तुमचं कोणी शिकतं का हो इथे?" बाईंनी विचारलं.

म्हाताऱ्याने आरशात पाहिलं. भिंगरी त्याच्याकडेच बघत होती. गोगलगायही. हे दोन शब्दांचं काम होतं, आणि आयुष्यभर ज्याची जीभ कधी अडली नव्हती त्याची जीभ त्या दोन शब्दांवर अडली.

"छे," तो म्हणाला. "आपलं कोण असणार इथे?"

मागे कोणीतरी उठलं. गाडी चढावर हलत होती, तरी ती एकेक सीट धरत पुढे आली आणि बाईंच्या शेजारी दांडा धरून उभी राहिली. म्हाताऱ्याने रस्त्यावरून नजर हलवली नाही.

"काकू, तुम्ही आत चला," भिंगरी म्हणाली. "मी दाखवते खोली. ती गोष्ट खोटी आहे. आपल्याच माणसाला ओळख न दाखवणारं इथे मी एकच जण पाहिलंय, आणि ते गाडी चालवतायत. माझे आजोबा आहेत ते. अख्ख्या कॉलेजला माहीत आहे."