देवीच्या माहेरचा धूर

"तानाबाई, मी आसो न्हाय तर नसो, तिन्हीसांजंला ह्या चुलीतनं धूर निघाला पायजे. दुसरं कायबी इसरलीस तरी चालंल."

अक्काचे, म्हणजे सासूचे, हे शब्द तानाबाईला रोज आठवत. आठवत, आणि थोडे टोचतही. कारण अक्का जाऊन तीन वर्षं झाली होती आणि त्या चुलीतून धूर निघाला नव्हता.

चंदगडाकडच्या त्या वाडीत एके काळी सगळी घरं गवताचीच. मधोमध ऐनाची मेढ, तिच्या डोक्यावर आढं, आणि आढ्यापासून दोन्ही अंगांना इतके उतरते वासे की पावसाला वर टेकायलाच जागा मिळू नये. कारवीचे कूड, त्यांवर शेणामातीचा गिलावा. वळचण एवढी खाली की आत येणाऱ्यानं मान लववलीच पाहिजे. देवापुढं वाकतो तसंच घरापुढं वाकायचं, असं अक्का म्हणायची. पुढं एकेक घर कौलारू होत गेलं आणि गवताचं अक्काचं तेवढं उरलं. त्याला हात लावायची सोयच नव्हती, ते देवीचं माहेर होतं. देऊळ नव्हतं तेव्हा ह्याच घरानं देवीला आसरा दिला, असं जुनी माणसं सांगत. दर माघी पौर्णिमेला गावदेवीची पालखी तिथं यायची, दिवसभर बसायची आणि ओटी भरून घेऊन मावळतीला परत जायची. कौलाखाली ती बसत नसे.

तानाबाईचा मुलगा कृष्णात उचगावला राहून कारखान्यात नोकरी करी. अक्का गेल्यावर त्यानं आईसाठी रस्त्याकडेला कौलारू घर बांधलं. जुनं घर एकट्या देवीचं झालं.

तानाबाई नेमाची बाई. अंघोळ झाल्याशिवाय पाण्याचा घोट नाही, सोमवार-शुक्रवार चुकवायचा नाही, बोलायचं तेही हळू. तिच्या मनानं घेतलं की आता इथं माणूस राहत नाही, मग देवीच्या घरात काजळी कशाला? तिनं कुडांवरची काजळी खरवडली, नवा गिलावा दिला, चूल सारवून तिच्यावर रांगोळी काढली. आणि सकाळ-संध्याकाळ तुपाचा दिवा लावू लागली. धुरापेक्षा तुपाचा दिवा मोठा, अक्कालाही हे आवडेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

दोन पावसाळे निभावले. तिसऱ्या वर्षी, अठ्ठ्याहत्तर साली, आषाढात आढ्याजवळचं गवत खचलं आणि पाणी थेट देवीच्या पाटावर पडू लागलं. दिवाळीपर्यंत छपराचं एक पाखं वाशांसकट खाली आलं.

दिवाळीला आलेला कृष्णात म्हणाला, चार पत्रे टाकून मोकळं होऊ, देवी काय वर बघत बसते व्हय? वाडीच्या बैठकीत मानकरी आकारामनं सांगितलं की पत्र्याखाली पालखी टेकणार नाही. माघापर्यंत घर गवतानं उभं राहिलं तर ठीक, नाहीतर माहेराची चाल ह्या सालापासून बंद. तानाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि एवढंच म्हणाली, "घर उभं ऱ्हाईल."

ती ज्ञानूकडं गेली. निम्म्या वाडीची घरं त्यानं आपल्या हातानं शाकारलेली. आता गुडघे गेले होते. काठी टेकत तो आला, पडलेल्या छपरातलं चिमूटभर गवत बोटांत चुरडलं, हुंगलं.

"धूर कवा बंद केलास?"

तानाबाईनं खरं ते सांगितलं. तुपाच्या दिव्याचंही सांगितलं, जरा अभिमानानंच.

"दिव्यानं वाळवी मरती व्हय गं? ह्या गवताला धूरच लागतोय. चुलीचा धूर रोज वर मुरतोय, त्यानं ओल सुकती, किडा बसत न्हाय. म्हणून तर अक्कानं ही काजळी जपलीती. तू खरवडून काढलीस."

तानाबाईच्या भक्तीनंच घर पाडलं होतं, दोष द्यायला दुसरं कुणी नव्हतं.

"दिवाच लावणार असशील तर मी वाशाला हात लावायचो न्हाय," ज्ञानू म्हणाला.

तानाबाई खाली बसली. ओल्या, थंड चुलीवर तिनं तळहात ठेवला. "रोज धूर करीन. मी हाय तवर."

ज्ञानूनं सांगितलं की गवत बी झडल्यावरच कापायचं, हिरवं कापलं तर पुन्हा कुजेल. मार्गशीर्ष लागला तशी ती विळा घेऊन डोंगरावर जाऊ लागली. रोज एक भारा घरापुढं पडल्याशिवाय घास घ्यायचा नाही, असा नेम धरला. पन्नाशीची बाई, गवताची पाती करवतीसारखी, हात चिरून निघाले. शेजारची चिमणाबाई एकदा वाटेत म्हणाली, "वैनी, देवीला एकदा इचारून तर बगा, कौलं बी गार असत्यात की." तानाबाई हसली आणि भारा सावरून पुढं गेली. पौषात तीच चिमणाबाई विळा घेऊन मागून चालू लागली. का आलीस, हे हिनं विचारलं नाही.

माघी पौर्णिमेला चार दिवस होते तेव्हा कृष्णात रजा घेऊन एसटीनं आला. त्यानं गवताची गंजी पाहिली, मग आईचे हात. पत्र्यांचा विषय त्यानं काढला नाही. धोतर खोचलं आणि वासे बांधून झाल्यावर पेंढ्या घेऊन शिडीवर चढला. खाली ज्ञानू काठी आपटत बसलेला.

"पावणं, वळचणीपास्नं वर चढत या. आढ्यापास्नं खाली आलासा तर पाणी घरातच घ्याचं ठरीवलंय म्हणायचं."

स्वतःच्या गावात पाहुणा झालेला कृष्णात खाली उतरला आणि गुमान वळचणीपासून सुरुवात केली.

पौर्णिमेला पालखी आली. भोई वळचणीखाली वाकले. चूल पेटली, नैवेद्य शिजला, आणि नव्या गवतातून धूर झिरपून बाहेर येताना सगळ्या वाडीनं पाहिला. मावळतीला ओटी घेऊन देवी परत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं कृष्णात गेला. मंडळी पांगली. तानाबाईच्या अंगात कसर होती, पाय भरून आले होते, आणि जुन्या घराकडं आज कुणीच बघणार नव्हतं. नव्या घरात ती भिंतीला टेकून बसली होती. दारातलं ऊन उंबऱ्यावरून सरकलं, अंगणात गेलं, मावळलं.

ती उठली. चुलीतले दोन निखारे खापरीत घेतले, वर राख पसरली. शेणीचा तुकडा आणि मूठभर वाळका पाला काखेत धरला, दार ओढून घेतलं, आणि खापरीवर हाताचा आडोसा धरून जुन्या घराच्या वाटेला लागली.